विष बेडकाचें कीं वनाचें?

विषारी प्राणी म्हटला म्हणजे महाराष्ट्रांतील माणसाच्या डोळ्यांपुढें पहिल्यानें नाग उभा राहतो. नागाचें विष त्याच्या स्वतःच्या शरीरांत तयार होतें. अंड्यांतून नुकतेंच बाहेर पडलेलें त्याचें पिल्लूंहि विषारी असतें, आणि पिंजऱ्यांत वाढलेला नाग रानांतील नागासारखाच घातक ठरतो. मुंबईस परळ येथील हाफकिन संस्थेचें सर्पविषाचें कार्य याच गोष्टीवर उभारलेलें होतें. ही संस्था १८९९ सालीं प्लेगच्या संशोधनासाठीं गव्हर्नरच्या परळ येथील जुन्या वाड्यांत आली, व १९२५ सालीं तिला डॉ. हाफकिन यांचें नांव मिळालें. विसाव्या शतकांत कित्येक वर्षें तेथें सर्प पाळून त्यांचें विष काढीत, तें थोड्या थोड्या प्रमाणांत घोड्यांस टोंचीत, आणि घोड्यांच्या रक्तांतून सर्पदंशावरील औषध निघे. पेटींतील साप आज दिलेलें विष कांहीं दिवसांनीं पुन्हां भरून काढतो. खाद्य बदललें, हवा बदलली, मुक्काम बदलला, तरी त्याची विषाची पिशवी रिती पडत नाहीं.

मध्य व दक्षिण अमेरिकेच्या पर्जन्यारण्यांत मात्र असा एक विषारी प्राणी आहे, कीं ज्याची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. अंगठ्याएवढे लहान, पिवळे, तांबडे, निळे, हिरवे असे हे बेडूक दिवसाढवळ्या पालापाचोळ्यावर उड्या मारीत फिरतात, आणि शत्रूपासून लपण्याची त्यांस गरज वाटत नाहीं. इंग्रजींत त्यांस 'पॉयझन डार्ट फ्रॉग' असें नांव आहे. मराठींत त्यांस बाणविषी बेडूक म्हणतां येईल. गेल्या कांहीं दशकांत युरोप-अमेरिकेंतील प्राणिसंग्रहालयांनीं व हौशी लोकांनीं हे बेडूक कांचेच्या मोठमोठ्या दालनांत, कृत्रिम पाऊस पाडून, पिढ्यान् पिढ्या वाढविले. त्यांचा रंग तोच राहिला, आवाज तोच राहिला, पिल्लांची निगा राखण्याची रीतहि तीच राहिली. एकच वस्तु नाहींशी झाली. ती म्हणजे विष. तें कोठें गेलें, याचा शोध हें विसाव्या शतकांतील जीवशास्त्राच्या इतिहासांतील एक मोठें मनोवेधक प्रकरण आहे; आणि रानांतील प्राणी घरांत आणून ठेवण्याची ज्यास हौस आहे, अशा प्रत्येकानें तें समजून घेण्यासारखें आहे.

या कथेचा आरंभ कोलंबिया देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, चोको नांवाच्या प्रदेशांत होतो. अँडीज पर्वत आणि पॅसिफिक महासागर यांमधील या चिंचोळ्या पट्ट्यांत बाराहि महिने पाऊस पडतो. कांहीं ठिकाणीं वर्षाचा पाऊस सात-आठ हजार मिलिमीटरपर्यंत जातो. तेथील आदिवासी लांब फुंकनळीनें बाण सोडून शिकार करीत. दक्षिण अमेरिकेंतील अनेक जमाती अशा बाणांस 'क्युरारे' नांवाचें वनस्पतींचें विष लावीत. चोकोंतील लोक बेडकाचें विष लावीत. ब्रिटिश आरमारांतील कॅप्टन चार्ल्स स्ट्युअर्ट कॉक्रेन हे १८२३-२४ सालीं कोलंबियांत हिंडले, आणि १८२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासवर्णनांत या विषाची हकीकत आली. त्यांच्या सांगण्याप्रमाणें शिकारी लोक रानांतून बेडूक पकडीत, पोकळ वेळूच्या नळींत ठेवीत, आणि विषाची गरज पडेपर्यंत त्यास नियमानें खाऊं घालीत. मग त्याच्या तोंडांतून अणकुचीदार काडी घालून ती पायांतून बाहेर काढीत. त्या वेदनेनें त्याच्या पाठीवर पांढरा फेंस येई, आणि त्या फेंसांत बाणांचीं टोंकें बुडवीत. एका बेडकावर पन्नासएक बाण तयार होत, व त्यांचा जहालपणा वर्षभर टिके.

बाणविषी बेडूक पाळण्याची ही जुनी रीत क्रूर होती खरी. परंतु तींत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. वेळूच्या नळींतील बेडूक रानांत जन्मून रानांतच वाढलेला असे. नळींतील त्याचा मुक्काम थोडक्या दिवसांचा असे, आणि विष तो रानांतून भरून घेऊनच येई. नळींत जन्मलेल्या बेडकाच्या अंगीं विष असेल काय, हा प्रश्न त्या काळीं कोणास पडण्याचें कारण नव्हतें. बेडूक विषारी, एवढें पुरेसें होतें.

पुढें दीडशें वर्षांनीं, १९७८ सालीं, चार्ल्स मायर्स, जॉन डॅली व बोरिस मॅल्किन यांनीं याच किनाऱ्यावरील साइहा नदीच्या कांठच्या एका नव्या जातीचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिचें शास्त्रीय नांव त्यांनीं 'फायलोबेटिस टेरिबिलिस', म्हणजे भयंकर, असें ठेविलें. हा सोनेरी पिवळा बेडूक लांबीनें सुमारें पांच सेंटिमीटर असतो. त्याच्या कातडींत सुमारें एक मिलिग्रॅम विष असतें, आणि तेवढ्यांत कित्येक माणसांचा प्राण जाऊं शकतो. या बेडकास काडीनें भोंसकण्याचीहि आवश्यकता नसे. तेथील एम्बेरा लोक जिवंत बेडकाच्या पाठीवर बाणाचें टोंक नुसतें घांशीत. या विषास 'बॅट्राकोटॉक्सिन' म्हणतात. ग्रीक भाषेंत 'बॅट्राकोस' म्हणजे बेडूक. मज्जातंतूंत व स्नायूंत सोडियमचे कण आंत सोडणारीं सूक्ष्म द्वारें असतात. एरव्हीं तीं क्षणार्धांत उघडून मिटतात. हें विष तीं मिटूंच देत नाहीं. मग स्नायु ताठतात, हृदयाची लय बिघडते, व प्राणी मरतो.

विषाचा हा अभ्यास चालू असतां त्याच्या जोडीनें आणखी एक इतिहास घडत आला होता. तो कांचेच्या पेटीचा. लंडनच्या पूर्व भागांत नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड नांवाचे डॉक्टर राहत. शहरांतील धुरानें त्यांच्या बागेंतील नेचे जगत नसत. १८२९ सालीं त्यांनीं एका पतंगाचा कोश ओलसर मातींत ठेवून ती बाटली बंद केली. पतंगाची वाट पाहतां पाहतां मातींतून नेच्याचें रोप व गवताचें पातें उगवलेलें त्यांस दिसलें. दिवसां मातींतील ओल वाफ होऊन वर जाई, कांचेवर गार होई, आणि थेंबांच्या रूपानें पुन्हां खालीं येई. बाटलींत एक लहानसा पर्जन्यकाळ आपल्या आपण चालला होता. १८३३ सालीं अशा दोन पेट्या जहाजानें सिडनीस गेल्या, व आंतील रोपें जिवंत पोहोंचलीं. १८४८ ते १८५१ या काळांत रॉबर्ट फॉर्च्यून यांनीं चीनमधून चहाचीं हजारों रोपें याच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशीं आणिलीं. आणि १८६० च्या सुमारास कोयनेलचा सिंकोना वृक्ष दक्षिण अमेरिकेंतून निलगिरींत आणण्याच्या मोहिमेंतहि हीच पेटी वापरली गेली. हिंदुस्थानांतील चहाचे मळे आणि हिंवतापावरील औषध यांच्या इतिहासांत एका डॉक्टरच्या बाटलीचा वाटा आहे, तो असा.

वनस्पति जेथें जगल्या, तेथें प्राण्यांसहि ठेवावें, ही पुढची पायरी होती. विसाव्या शतकांत वीज, पंप आणि शीतयंत्रें आलीं, आणि हवाच पेटींत भरून ठेवणें शक्य झालें. मुंबईकरांस या कल्पनेचा नमुना राणीच्या बागेंत पहावयास मिळाला. दक्षिण कोरियांतून २०१६ सालीं आणलेले हंबोल्ट पेंग्विन तेथें थंड केलेल्या दालनांत ठेवून २०१७ सालीं लोकांस दाखविण्यांत आले. बाणविषी बेडकांच्या बाबतींत अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरचें नॅशनल ॲक्वेरियम विशेष नांवाजलेलें आहे. १९८१ सालीं उघडलेल्या या संस्थेच्या इमारतीच्या माथ्यावर, कांचेच्या पिरॅमिडाखालीं, एक संबंध पर्जन्यारण्य उभारलेलें आहे.

असें अरण्य उभारणें म्हणजे कुंड्या मांडणें नव्हे. तळाशीं खड्यांचा थर घालून पाण्याचा निचरा साधावा लागतो. त्यावर कोळसा, झाडाची साल व शेवाळ यांची भुसभुशीत माती, आणि त्यावर सुक्या पानांचा जाड थर. या पानांत बेडूक निजतात, लपतात व भक्ष्य शोधतात. वर दिवसांतून कित्येक वेळां तुषारांचा पाऊस पाडावा लागतो. बेडूक तोंडानें पाणी पीत नाहीं, कातडीनें शोषून घेतो. म्हणून नळाच्या पाण्यांतील क्लोरिनहि त्यास बाधतो. उष्णता बावीस ते सत्तावीस अंशांच्या आसपास ठेवावी लागते. ती तिशीच्या पलीकडे गेली कीं बहुतेक जाती धोक्यांत येतात. खाद्य म्हणून पिकल्या केळ्यांवर घोंघावणारीं चिलटें बाटल्यांतून वाढवितात. त्यांतहि उडतां न येणाऱ्या वाणाचीं निवडतात, आणि कॅल्शियम व जीवनसत्त्वें यांची पूड लावून बेडकांपुढें सोडतात.

या खटाटोपाचा अंदाज येण्यासाठीं जालना जिल्हा आणि चोको यांची तुलना करून पहावी. जालन्यास वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चोकोंतील कांहीं गांवीं याच्या दसपट पाऊस होतो. जालन्यास वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते, आणि काळ्या खडकांतील विहिरींचें पाणी जड असल्यामुळें तुषार सोडणाऱ्या बारीक छिद्रांत क्षार सांचून तीं बुजतात. तेथें कोणी चोकोची खोली उभारलीच, तर ती चोवीस तास गार ठेवावी लागेल, आणि पाणी गाळून, शुद्ध करूनच वापरावें लागेल. उन्हाळ्यांत वीज कांहीं तास गेली, तरी आंतील सर्व जीव एका दुपारीं संपून जातील. ज्या जिल्ह्यानें १९७२ चा आणि २०१२-१३ चा दुष्काळ सोसला, तेथें परदेशीं बेडकासाठीं रोज पाऊस पाडणें किती शोभून दिसेल, हा विचारहि त्यापाठोपाठ येतोच.

परंतु जेथें साधनांची वाण नव्हती, तेथें हे बेडूक रमले, आणि त्यांचा संसार माणसास प्रथमच जवळून पहावयास मिळाला. मादी ओलसर पानावर मोजकींच अंडीं घालते. अंड्यांतून डिंभ बाहेर पडले, कीं आई किंवा बाप त्यांस पाठीवर घेऊन झाडावर चढतो, आणि अननसाच्या जातीच्या वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यांत सांचलेल्या पाण्यांत नेऊन सोडतो. स्ट्रॉबेरीसारख्या तांबड्या रंगाच्या एका जातींत तर मादी प्रत्येक पिल्लाकडे पुन्हां पुन्हां जाऊन त्याच्यासाठीं निर्बीज अंडीं घालते, आणि त्या अंड्यांवरच पिल्लें वाढतात. बेडकासारख्या क्षुद्र मानलेल्या प्राण्याच्या अंगीं इतकी माया असेल, असें पूर्वीं कोणास वाटलें नव्हतें.

आणि येथेंच तें कोडें उभें राहिलें. १९८० सालीं डॅली, मायर्स व त्यांचे सहकारी यांनीं 'सायन्स' या नियतकालिकांत आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रानांतून आणलेल्या सोनेरी बेडकांचें विष बंदिवासांत कमी होत गेलें, तरी कित्येक वर्षें पुष्कळसें टिकून राहिलें. पण त्याच बेडकांचीं पिल्लें बंदिवासांत वाढून प्रौढ झालीं, तेव्हां त्यांच्या कातडींत विषाचा मागमूसहि सांपडला नाहीं. याहून चमत्कारिक गोष्ट अशी, कीं त्या निर्विष बेडकांच्या मज्जातंतूंवर विष घालून पाहिलें, तरी त्यांस कांहीं होईना. म्हणजे विष सोसण्याची शक्ति आईबापांकडून आली होती. विष मात्र आलें नव्हतें. ढाल होती, तरवार नव्हती.

मग या विषाचें मूळ कशांत? हवेंत, भीतींत, कीं अन्नांत? या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास एका जुन्या, निराळ्याच हेतूनें केलेल्या उद्योगाचें साहाय्य झालें. १९३२ सालीं हवाई बेटांतील ओआहू येथें मानोआच्या खोऱ्यांत डांसांचा नायनाट व्हावा म्हणून पनामांतील हिरव्या-काळ्या बाणविषी बेडकांची एक जात सोडण्यांत आली होती. डांस राहिले, आणि बेडूकहि तेथें नांदले. साठ वर्षांनीं डॅली यांच्या गटानें हवाईंतील बेडकांची कातडी तपासली. पनामांतील त्यांच्या भाऊबंदांच्या अंगीं असलेलीं कांहीं विषें त्यांत होतीं, कांहीं नव्हतीं, आणि पनामांत न आढळणारें एक नवेंहि सांपडलें. याच हवाईच्या बेडकांचीं पिल्लें घरांत कांचेच्या पेटींत चिलटांवर व रातकिड्यांवर वाढविलीं, तेव्हां त्यांस विष आलें नाहीं; बाहेर उघड्यावरच्या पेटींत रानांतील किडे खाऊं घालून वाढविलीं, तेव्हां विष आलें. १९९२ व १९९४ सालच्या या प्रयोगांनीं निकाल लागला. विष अन्नांतून येत होतें.

तें अन्न कोणतें, हेंहि पुढें हळूं हळूं उलगडलें. पानांच्या कुजक्या थरांत राहणाऱ्या कांहीं मुंग्यांच्या अंगीं बेडकाच्या कातडींतील विषांपैकीं कांहीं असतात, असें २००४ सालीं दिसून आलें. आणि डोळ्यांस दिसणार नाहींत इतक्या बारीक गोचिडवर्गीय माइट जीवांत त्यांचा मोठा सांठा असतो, हें २००७ सालीं सिद्ध झालें. बॅट्राकोटॉक्सिन तर पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास, न्यू गिनी बेटांतील एका लहान भुंग्याच्या अंगीं २००४ सालीं आढळलें. तेथें पिटोहुई नांवाचा पक्षी असल्या भुंग्यांमुळेंच विषारी बनतो. २०१४ सालीं आणखी एक गोष्ट कळली. तांबड्या बेडकाची मादी पिल्लांसाठीं जीं निर्बीज अंडीं घालते, त्यांत ती आपल्या अंगचें थोडें विषहि भरून देते. रक्षणाची ही शिदोरी आईकडून मिळते खरी. पण आईनें ती रानांतून मिळविलेली असते. पेटींतील आईपाशीं देण्यास ती नसते.

बेडूक विष तयार करीत नाहीं. तो तें वेंचतो, सोसतो, सांठवितो आणि कातडीवर बाळगतो. विष तयार होतें तें हजारों कीटकांच्या, त्यांच्या खाद्याच्या आणि कुजत्या पानांच्या व्यवहारांत. मराठींत विहिरींतील बेडकास कूपमंडूक म्हणून हंसतात, कारण त्यास बाहेरच्या जगाची कल्पना नसते. कांचेच्या पेटींतील बेडकाची गोष्ट यापुढें एक पाऊल जाते. त्याच्या विहिरीनें त्याचें जग लहान केलें, आणि त्याबरोबर त्याच्या अंगचा एक गुणहि काढून घेतला.

हें नुकसान केवळ बेडकाचें आहे, असें मानण्याचें कारण नाहीं. १९७४ सालीं डॅली यांनीं इक्वेडोर देशांतील एका लहान बेडकाच्या कातडीचा अर्क उंदरांस टोंचून पाहिला, तेव्हां वेदना शमविण्याचा एक विलक्षण गुण त्यांत दिसला. मॉर्फिनहून सुमारें दोनशेंपट प्रभावी. १९७६ सालीं ७५० बेडकांच्या कातड्या जमविल्या, आणि त्यांतून हें द्रव्य एक मिलिग्रॅमहूनहि कमी निघालें. इतक्या अल्प वस्तूची घडण ओळखणारीं उपकरणें त्या काळीं नव्हतीं, म्हणून तें जपून ठेवावें लागलें. पुढें बंदिवासांत वाढलेल्या बेडकांकडे धांव घेतली, तर त्यांच्यांत तें नव्हतेंच. अखेर सुधारलेल्या उपकरणांनीं १९९२ सालीं त्या जुन्या नमुन्यावरूनच घडण कळली, व त्यास 'एपिबॅटिडिन' हें नांव रूढ झालें. तें फार जहाल असल्यामुळें औषध म्हणून चाललें नाहीं. त्यावरून बनविलेल्या सौम्य द्रव्याच्या चांचण्या झाल्या, पण दुष्परिणामांमुळें त्याहि सोडाव्या लागल्या. तथापि वेदनेच्या अभ्यासास त्यानें एक नवी वाट दाखविली. तो नमुना रानांतील बेडकांपासून वेळेवर मिळाला नसता, तर जगांतील सर्व कांचेचीं दालनें एकत्र करूनहि तो मिळाला नसता.

कांचेच्या पेटीस मात्र केवळ दोष देऊन चालणार नाहीं. जगांत बेडकांच्या कातडीस जडणारा 'काइट्रिड' नांवाचा एक बुरशीचा रोग आहे. त्यास कारण होणाऱ्या जातीचें वर्णन १९९९ सालीं झालें, तें वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयांतील एका निळ्या बाणविषी बेडकावरून. त्या बुरशीच्या शास्त्रीय नांवांत बाणविषी बेडकांच्या कुळाचें नांव कायमचें गोंविलेलें आहे. या रोगानें मध्य अमेरिकेंतील ओढे ओस पाडले. पनामाचा सोनेरी बेडूक रानांतून दिसेनासा झाला, आणि आज तो जगतो तो प्राणिसंग्रहालयांच्या व संशोधनकेंद्रांच्या बंद दालनांत. म्हणजे पेटीनें रोग ओळखण्यास हात दिला, आणि वंशहि राखला. परंतु तेथें वंश राखणारांचा हेतु त्यास पुन्हां ओढ्यावर नेऊन सोडण्याचा आहे. दालन ही त्यांच्या दृष्टीनें धर्मशाळा आहे, घर नव्हे.

या इतिहासाचा महाराष्ट्राशीं संबंध काय, असें कोणी विचारील. सह्याद्रींत आंबोलीस वर्षास सुमारें ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाच्या मानानें तो चोकोचाच सोबती आहे. तेथील जांभ्या दगडाच्या सड्यावर उथळ डबक्यांत प्रजनन करणाऱ्या एका भेकाचें वर्णन २००९ सालीं प्रसिद्ध झालें. पृथ्वीवरील त्याचें क्षेत्र अत्यंत लहान आहे, व त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. उत्तर सह्याद्रींतील बेडकांवर काइट्रिड बुरशी आढळल्याचें पुण्याच्या संशोधकांनीं २०१३ सालीं दाखविलें. ती आशियांतील मूळचीच जात असल्याचें त्यांत दिसलें. भारतांतून एके काळीं दर वर्षीं हजारों टन बेडकांच्या तंगड्या परदेशीं जात. १९८७ सालीं ती निर्यात बंद झाली. त्याच वर्षीं बाणविषी बेडकांचा व्यापारहि आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखालीं आला. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें अशा परदेशी जातींचे जिवंत प्राणी बाळगणारास त्यांची नोंदणी करणें बंधनकारक केलें आहे. शहरांतील हौशी कुटुंबानें रंगाला भुलून असा बेडूक घेण्यापूर्वीं एवढें तरी जाणून घ्यावें.

आणि जालन्यासारख्या कोरड्या मुलखांतहि बेडकांची वाण नाहीं. तेथील बेडकांचें शहाणपण निराळ्या तऱ्हेचें आहे. मातींत राहणारा बेडूक मागच्या पायांनीं जमीन उकरीत पाठीकडून आंत शिरतो, आणि कोरडे महिने जमिनीच्या पोटांत काढतो. मृगाचा पाऊस पडला कीं तो वर येतो. डबकें आटण्यापूर्वीं अंडीं, डिंभ व पिल्लें हा सारा संसार त्यास आटोपावा लागतो. त्याच पावसांत मोठ्या बेडकाचे नर पिवळेधमक होतात, आणि त्यांच्या गळ्यांखालचे निळे फुगे फुगूं लागतात; हा रंग पाहण्यास कोलंबियांत जाण्याचें कारण नाहीं. ऋग्वेदांतील मंडूकसूक्तानें पावसाबरोबर जागृत होणाऱ्या बेडकांचें वर्णन केलें आहे. आणि पाऊस लांबला म्हणजे मराठवाड्यांतील मुलें कडुलिंबाच्या पाल्यांत बेडूक बांधून धोंडी काढीत, घरोघरच्या बायका तिच्यावर पाणी ओतीत. बेडूक आणि पाऊस यांची सांगड लोकांनीं फार पूर्वींच ओळखली होती.

ती सांगड आतां शास्त्रानेंहि सिद्ध केली आहे, आणि ती पावसापाशीं थांबत नाहीं. बेडकांत त्याची माती, त्याची मुंगी, त्याचें डबकें आणि त्यावर पडलेलीं पानें हीं सारीं सामावलेलीं असतात. कांचेच्या दालनांत बेडूक पाहून मूल चकित होतें, तें चांगलेंच आहे; त्या कुतूहलांतूनच हा सर्व शोध लागला. परंतु राखावयाचा तो कोणता पदार्थ, याविषयीं मात्र घोंटाळा होऊं नये. गांवाकडचें तळें, बांधाकडेची पाणथळ जागा, पहिल्या पावसानें भरणारें ओढ्याकाठचें डबकें बुजवून तेथें घर बांधावें, आणि मग त्या घरांत कांचेच्या पेटींत बेडूक ठेवावा, यानें बेडूक राहील. त्याचें विष, त्याची ओल, त्याचा ऋतु राहणार नाहीं. डबकें राखलें, तर बेडूक राखण्याचें काम पाऊसच करतो.